साडेतीन तासांतून पंचवीस सेकंद: कोकणकड्यावरून आकाशाचा टाइमलॅप्स

कोजागिरी होऊन गेली की दिवाळीपर्यंतचा पंधरवडा मी शक्यतो कुणाला देत नाही. पाऊस परतलेला असतो, हवा धुतल्यासारखी असते आणि अंधार पडता पडता आकाशगंगा नैऋत्येला उभी असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी साडेपाचला कॅमेरा लावायचा, रात्री नऊला उचलायचा. सूर्य कोकणात बुडतो, आभाळ केशरी, जांभळं, मग काळं होतं आणि जीवधन-नाणेघाटाच्या अंगाला आकाशगंगा हळूहळू कलंडते. हे सगळं मिळून २५ सेकंदांचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेली फीत.

हे पंचवीस सेकंद कसे मिळवायचे ते इथे पायरीपायरीने लिहितो. ढग, धुकं आणि वळीव यांचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल. कॅमेरा डीएसएलआर किंवा मिररलेस धरला आहे. फोनवाल्यांसाठीही थोडं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात. टाइमलॅप्समध्ये कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल चालवू द्यायची नाही. एक फोटो काढताना ऑटोफोकस, ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा), ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ही सगळी मंडळी मदत करतात. सहाशे फोटो एकामागून एक पळवले की प्रत्येक फ्रेमला त्यांनी घेतलेला वेगळा निर्णय लुकलुकताना दिसतो.

पहिली पायरी घरीच: कॅलेंडर आणि गणित

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय हे या कामातलं पहिलं साधन. तिथी पाहायची. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि नंतर रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे कृष्ण पंचमीला तो रात्री पावणेदहा-दहाच्या आसपास येतो. आपलं काम नऊला संपतं, म्हणून कृष्ण पंचमीपासून अमावस्येपर्यंतची कुठलीही संध्याकाळ चालते. अमावस्येलाच गेलं पाहिजे असं काही नाही. उलट दिवाळीची सुट्टी लागली की गडावर एवढे हेडलॅम्प फिरतात की फ्रेममध्ये आकाशगंगेपेक्षा तेच जास्त चमकतात.

शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, कृष्ण अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. एवढ्या दोन गोष्टी पाठ असल्या तर वर्षभराचं नियोजन जमतं. चंद्र नेहमीच शत्रू नसतो. अष्टमीच्या चांदण्यात कडे आणि पठारं सुरेख उजळतात, तारेही बऱ्यापैकी दिसतात. फक्त आकाशगंगा फिकी पडते.

आकाशगंगेचा गाभा धनू राशीत, वृश्चिकेच्या नांगीशेजारी आहे. हरिश्चंद्रगडाच्या अक्षांशावरून तो दक्षिणेला जास्तीत जास्त ४१-४२ अंश वर चढतो. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, पंधरा दिवसांत एक तास. त्यामुळे हाच गाभा फेब्रुवारीत पहाटे उगवताना दिसतो आणि मे महिन्यात पहाटे चारला दक्षिणेकडून नैऋत्येला झुकायला लागलेला असतो. जूनमध्ये तो मध्यरात्री सर्वांत वर येतो, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस. म्हणून सह्याद्रीत दोनच हंगाम: फेब्रुवारी ते मे पहाटेचा आणि ऑक्टोबरचा संध्याकाळचा. ऑक्टोबरच्या विशीत अंधार पूर्ण पडतो तेव्हा, म्हणजे सव्वासात-साडेसातला, गाभा नैऋत्येला २८ अंशांच्या आसपास असतो. नऊ वाजेपर्यंत तो दहा अंशांच्या आसपास उतरतो. कोजागिरी महिन्याच्या अखेरीस आली तर सगळंच आणखी खाली सरकलेलं असतं, मग साडेआठलाच गाशा गुंडाळायचा. स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर आहे. जागा आणि तारीख टाकून ही सगळी हालचाल आधी घरी बघता येते.

आता गणित. फीत सेकंदाला २५ फ्रेमने चालवायची. मी इंटरव्हल २० सेकंदांचा धरतो, म्हणजे दर वीस सेकंदांनी एक फोटो. साडेतीन तास म्हणजे १२,६०० सेकंद. भागिले २० केले की ६३० फोटो, आणि ते भागिले २५ म्हणजे २५.२ सेकंद. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) साधारण ३० एमबीची धरली तर १९ जीबी. ६४ जीबीचं कार्ड नेलं की चिंता नाही. हा हिशोब कागदावर किंवा फोनच्या नोंदवहीत लिहून न्या. वर गेल्यावर वारा सुटलेला असतो, भूक लागलेली असते आणि भागाकार चुकतो.

काय न्यायचं

कॅमेरा आणि जमेल तेवढी रुंद लेन्स. माझ्याकडे फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १४ मिमी आहे, एफ २.८ ची. एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो. तिच्यात आडवे १०४ अंश मावतात. ऑक्टोबरच्या विशीत सूर्य पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला, २५९ अंशांवर मावळतो आणि गाभा २१९ ते २३४ अंशांच्या दरम्यान फिरतो. लेन्सचा मध्य २४० अंशांवर रोखला की दोन्ही एकाच चौकटीत बसतात. फोनमधलं होकायंत्र एवढ्यापुरतं पुरतं.

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ असेल तरी थांबू नका. १८ मिमी, एफ ३.५, आयएसओ ६४०० वर तारे येतात. दाणे दिसतील, पण हलत्या चित्रात दाणे फोटोइतके खुपत नाहीत.

ट्रायपॉड जड हवा. हलका असेल तर पाय पूर्ण उघडू नका, मधला दांडा तर मुळीच वर काढू नका. बरेच जण वजनासाठी सॅक मधोमध लटकवतात. कोकणकड्यावर ती लंबकासारखी झुलते आणि कॅमेरा हलवते. त्यापेक्षा प्रत्येक पायाशी दगड रचा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तोही फडफडतो.

इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे ठरल्या वेळाने आपोआप फोटो काढणारं साधन, बऱ्याच कॅमेऱ्यांत आतच असतो. नसला तर बाहेरचा स्वस्तात मिळतो. वायरवाला घ्या. पॉवर बँक, चिकटपट्टी, लेन्स पुसायचं कापड, लाल उजेडाचा हेडलॅम्प, विंडचीटर, आणि दव पडू नये म्हणून लेन्सभोवती गुंडाळायचा यूएसबीवर चालणारा गरम पट्टा. हा पट्टा मला आधी चोचला वाटायचा. त्याची गोष्ट पुढे येईलच.

गडावर

पाचनईकडून चढलात तर दोन-अडीच तासांत मंदिर. सकाळी निघून दुपारी जेवायला वर पोचा. झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळते. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा रात्री थांबायचे नियम त्या वेळी काय आहेत हे पायथ्याला वनखात्याच्या माणसांना विचारूनच पुढे जा. मंदिरापासून कडा वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. जाताना वाटेतल्या खुणा उजेडी पाहून ठेवा, कारण परत अंधारात यायचं आहे.

कड्याच्या अगदी धारेवर ट्रायपॉड लावू नका. हा कडा आत वळलेला आहे, आपण उभे असतो त्याच्या खाली दगड नसतो. शिवाय कोकणातून चढलेला वारा धारेवरच सर्वांत जोरात असतो. दहा-बारा पावलं मागे या. चौकटीत कड्याची आत वळलेली किनार डावीकडून शिरली की चित्राला खोलीही येते.

क्षितिज चौकटीच्या खालच्या चौथ्या हिश्शात ठेवा. वर आणि खाली थोडी जागा जास्त सोडा. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन या मापाचा असतो आणि व्हिडिओ सोळास नऊ, त्यामुळे वरचा-खालचा काठ कापला जातोच. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो असेल आणि फोर-केची ३८४० ची चौकट काढायची असेल तर दीडपटीला थोडं जास्त झूम करायला वाव उरतो. कड्यावर बसून चौकट हलवत राहण्यापेक्षा घरी सरकवलेली बरी.

कॅमेरा बांधून ठेवणे

आता अक्कल काढून घ्यायचं काम. ते या क्रमानेच करा, कारण अंधार पडल्यावर यातली निम्मी बटणं सापडत नाहीत.

मोड मॅन्युअल. फाइल रॉ. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर कायम: मी ५००० केल्विनला ठेवतो आणि रात्रीचा निळसरपणा नंतर घरी आणतो. ऑटो आयएसओ बंद. कॅमेऱ्यातलं किंवा लेन्समधलं कंपन थोपवणारं तंत्र बंद, कारण ट्रायपॉडवर ते नसलेलं कंपन शोधत बसतं. कॅमेरा आपोआप झोपी जाण्याची सोय बंद. पडद्याची प्रखरता सर्वांत कमी.

लॉंग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन हे मेनूच्या पोटात कुठेतरी असतं. ते आठवणीने बंद करा. चालू असेल तर कॅमेरा १५ सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर शटर मिटून आणखी १५ सेकंदांचा काळा फोटो घेतो आणि दाणे वजा करतो. वीस सेकंदांच्या इंटरव्हलमध्ये हे बसत नाही, मग प्रत्येक दुसरा फोटो गळतो. माझ्या पहिल्या रात्री ६३० पेक्षा कितीतरी कमी फोटो आले. दिवसाचे सगळे होते, रात्रीचे एकाआड एक. फीत लावली तर अंधार पडताच तारे दुप्पट वेगाने पळत होते. मला वाटलं कार्ड खराब आहे. नवं कार्ड घेतलं, पुन्हा गेलो, पुन्हा तेच.

फोकस. उजेड असताना दूरच्या डोंगरावर ऑटोफोकसने धरा, मग स्विच मॅन्युअलवर सरकवा आणि फोकसची रिंग चिकटपट्टीने बांधून टाका. झूम लेन्स असेल तर झूमची रिंगही. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, ती बहुतेक लेन्सवर थोडी इकडेतिकडे असते. अंधार पडल्यावर पडद्यावर एखादा ठळक तारा दहापट मोठा करून पाहा. तो टाचणीच्या टोकाएवढा दिसला पाहिजे, मोहरीएवढा नाही.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक. याची मेख अशी आहे की बहुतेक लेन्सचं ॲपर्चर प्रत्येक फोटोला मिटतं आणि पुन्हा उघडतं, आणि दर वेळी अगदी नेमकं त्याच जागी मिटत नाही. केसभर फरक. एका फोटोत तो कळत नाही, फितीत मात्र जुन्या ट्यूबलाइटसारखी फडफड दिसते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवणे. एफ २.८ च्या लेन्सवर एफ २.८ लावलं की पाती हलतच नाहीत. आपल्याला रात्रीसाठी तेवढा उजेड हवाच आहे, म्हणून संध्याकाळपासूनच २.८ ठेवायचं. दिवसा ढगांसाठी एफ ८ लागलं तर काही जण लेन्स किंचित फिरवून कॅमेऱ्याशी असलेला विजेचा संपर्क तोडतात. चालतं, पण लेन्स अर्धवट अडकलेली असते. कड्यावर हा प्रयोग नको.

एकोणीस स्टॉप

सूर्य क्षितिजाच्या वर असताना शटर साधारण १/१००० आणि आयएसओ १००. पूर्ण अंधारात १५ सेकंद आणि आयएसओ ३२००. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटरमध्ये जवळपास चौदा स्टॉप, आयएसओत पाच. एकूण एकोणीस स्टॉपचा हा उतार तुम्हाला दीड-पावणेदोन तासांत उतरायचा आहे, तोही पायऱ्या न दिसता.

जमत नसेल तर पहिल्या खेपेला सूर्यास्ताची एक फीत आणि ताऱ्यांची दुसरी अशा दोन वेगळ्या करा. त्यात कमीपणा काही नाही. पण एकदा तरी हा उतार हाताने उतरून पाहा, कारण संधिप्रकाश प्रत्यक्षात कसा वागतो ते त्याशिवाय कळत नाही.

कॅमेऱ्याची चाकं एक तृतीयांश स्टॉपने फिरतात, म्हणजे एकोणीस स्टॉपला ५७ क्लिक. सूर्य बुडेपर्यंत फारसं काही करावं लागत नाही. बुडाल्यानंतरची दहा मिनिटं निवांत वाटतात, आणि तिथेच माणूस चहा घ्यायला उठतो. उठू नका. त्यानंतरचा पाऊण तास उजेड इतक्या वेगाने जातो की साधारण दर तीन मिनिटांना एक स्टॉप, म्हणजे दर मिनिटाला एक क्लिक करावा लागतो. तीन फोटो, एक क्लिक. तीन फोटो, एक क्लिक. साडेसातच्या सुमारास तो वेग आपोआप मंदावतो आणि शेवटचे दोन-तीन क्लिक उरतात.

क्रम असा: आधी शटर लांबवत न्यायचं, १५ सेकंदांपर्यंत. मग ते तिथेच ठेवून आयएसओ चढवायचा. क्लिक दोन फोटोंच्या मधल्या वेळेत, बोटाच्या टोकाने, ट्रायपॉडवर हात न टेकता. शटर दहा सेकंदांच्या वर गेलं की मधला वेळ कमी उरतो, तिथे घाई होते. शेवटी फक्त पाच सेकंद असतात, पण ते पुरतात.

किती उजेड आहे हे पडद्यावरच्या चित्रावरून ठरवू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला काळाकुट्ट फोटोही लख्ख दिसतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख पाहा: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. संध्याकाळी त्याचा डोंगर मधोमध असू द्या. जसजसा अंधार होईल तसतसा तो डावीकडे सरकू द्या, डाव्या भिंतीला चिकटू मात्र देऊ नका. रात्र रात्रीसारखी दिसली पाहिजे. प्रत्येक क्षणी मध्यावर ठेवायच्या हट्टाने माझी एक संध्याकाळ अशी झाली की त्यात अंधारच पडला नाही. सूर्य गेला, तारे आले, आणि आभाळ दुपारसारखं उजळ.

पंधरा सेकंदच का? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे शटर फार वेळ उघडं राहिलं की ताऱ्याची रेघ होते. जुना हिशोब ५०० भागिले लेन्सचे मिलीमीटर असा आहे, १४ मिमीला ३५ सेकंद. तो फिल्मच्या काळचा. आजच्या बारीक पिक्सेलना मी ३०० धरतो, म्हणजे २१ सेकंद. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मिलीमीटरला आधी दीडने गुणायचं: १८ मिमी म्हणजे २७, आणि ३०० भागिले २७ म्हणजे अकरा सेकंद.

साडेसात ते नऊ

आता हात लावायचं काम संपलं. याच वेळात सगळं बिघडतं.

पहिलं, दव. ऑक्टोबरात पठारावरचं गवत आठ वाजताच ओलं लागायला लागतं. लेन्सची पुढची काच आकाशाकडे तोंड करून असते, ती आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर दव धरतं. एका वर्षी फितीच्या शेवटच्या आठ सेकंदांत तारे हळूहळू फुगले, कापसाचे झाले, मग विरले. मी सगळ्यांना "धुकं आलं" म्हणून सांगत होतो. धुकं बिकं काही नव्हतं, काच पुसायची राहिली होती. मग पट्टा घेतला. पुढच्या खेपेला पट्टा असूनही तेच. कारण शोधायला वेळ लागला: काही पॉवर बँका ओढला जाणारा प्रवाह कमी असेल तर फोन भरला असं समजून आपसूक बंद होतात. माझ्या पट्ट्याची सर्वांत कमी आच त्यात बसत होती. मधली आच लावली, प्रश्न मिटला. घरी तासभर चालवून पाहिलं असतं तर एक अमावस्या वाचली असती. काच मधूनच पुसायची वेळ आलीच तर दोन फोटोंच्या मध्ये जमत नाही. एक-दोन फ्रेम जातात. जाऊ द्या.

दुसरं, लोक. "दादा, फोटो चाललाय का?" असं विचारत येणारा माणूस हेडलॅम्प नेमका लेन्सवर रोखूनच विचारतो. चिडू नका. लाल दिवा लावून आधीच शेजाऱ्यांना सांगून या. एखाद-दुसऱ्या फ्रेममध्ये उजेड आला तर ती फ्रेम काढून शेजारचीच दोनदा वापरता येते.

तिसरं, आपण स्वतः. साडेचारशे फोटो झाले, झाले असतील पुरेसे, असं आठ वाजता हमखास वाटतं. फीत नेहमी थोडक्यात संपल्यासारखी वाटते, लांबली असं क्वचितच.

विमानं आणि उपग्रह चौकटीतून जातील, त्यांना जाऊ द्या. पश्चिमेला क्षितिजावर कल्याण-मुंबईच्या बाजूचा पिवळा उजेड दिसेल. तो टाळता येत नाही. त्याच्यासमोर खालच्या ढगांची चादर आली तर तीच आतून पेटल्यासारखी दिसते. हा उजेड नकोच असेल तर विदर्भात जा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला तो पहिला.

ढगांचं गणित वेगळं

ताऱ्यांचा वेग ठरलेला आहे. ढगांचा तुम्हाला मोजावा लागतो. मोजायची रीत सोपी: चौकटीच्या एका काठाला एक ढग धरा आणि घड्याळ लावा. समजा दुसऱ्या काठाला जायला त्याला चार मिनिटं लागली. फितीत तो सहा सेकंदांत जावा असं वाटत असेल तर १५० फ्रेम लागतील. २४० भागिले १५० म्हणजे १.६. इंटरव्हल दीड-दोन सेकंदांचा.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर कोकणातून चढणारे ढग इतके जवळून जातात की एक-दोन सेकंदांच्या वरचा इंटरव्हल चालतच नाही. ढग उड्या मारतो. लांबवर दिसणारा वळीव पाच सेकंदांत सुंदर येतो. एप्रिल-मेच्या दुपारी पठारावर बसून पूर्वेकडे पाहा. दोन-अडीचला कोबीच्या गड्ड्यासारखा ढग फुगायला लागतो, आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरायला लागला की सामान आवरा. वीज दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. मोजणी तीसच्या आत आली की पठारावर थांबायचं नाही. लोखंडी ट्रायपॉडपाशी तर नाहीच.

हिवाळ्यात दरीत साठलेलं धुकं सूर्य वर आल्यावर हलायला लागतं, त्याला चार-पाच सेकंद. कातळावर सरकणाऱ्या सावल्यांना दहा-पंधरा.

दिवसा आणखी एक अडचण येते. १/५०० शटरने काढलेले ढग फितीत करकरीत आणि झटके देत चालतात. इंटरव्हलच्या निम्मा वेळ शटर उघडं राहिलं तर हालचाल लोण्यासारखी होते. भर उन्हात तेवढा वेळ शटर उघडं ठेवायला लेन्सवर काळी काच लागते, एनडी फिल्टर. एफ ८, १/२५० असताना दहा स्टॉपची काच लावली की शटर चार सेकंदांचं होतं, सहा स्टॉपची लावली की पाव सेकंदाचं. एकच घ्यायची असेल तर सहा स्टॉपची घ्या, घाटातल्या पावसाळी उजेडाला ती बरोबर बसते. एक सेकंदाच्या इंटरव्हलला काही कॅमेरे रॉ फाइल लिहून संपवू शकत नाहीत. तिथे जेपीजी काढा, बिघडत नाही.

फोनवर: फोनचं आपलं टाइमलॅप्स मोड इंटरव्हल मनाप्रमाणे बदलत राहतं. ढगांना ते चालतं. बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, फोन दगडाला टेकवा, कमीत कमी वीस मिनिटं हात लावू नका.

घरी

कार्ड कॉपी करा, दोन ठिकाणी. कॅमेऱ्याचा फाइलक्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ होतो. तो मध्येच उलटला असेल तर फोटो काढल्याच्या वेळेनुसार पुन्हा क्रमांक द्या, नाहीतर रात्र आधी आणि सूर्यास्त नंतर.

लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर असेल तर त्यासोबत एलआरटाइमलॅप्स वापरा. गुंथर वेग्नर या जर्मन छायाचित्रकाराने केलेलं हे सॉफ्टवेअर नेमक्या याच दुखण्यासाठी आहे: तुमच्या ५७ क्लिकच्या ५७ पायऱ्या ते घासून सपाट करतं. मोफत आवृत्तीला फ्रेमची मर्यादा आहे, सरावाला पुरते. ठळक चार-पाच फोटो निवडायचे: सूर्य असताना, बुडाल्यावर, निळ्या वेळेला, पूर्ण अंधारात. प्रत्येकाचा रंग आणि उजेड हाताने लावायचा, मधले फोटो सॉफ्टवेअर जुळवतं. व्हाइट बॅलन्स संध्याकाळी ५००० च्या पुढेमागे, रात्री ४००० पर्यंत उतरवा. त्याखाली गेलात तर आकाश शाईसारखं निळं दिसतं. समाजमाध्यमांवर आवडतं ते, पण कड्यावर बसलेल्या कुणी तसं आकाश पाहिलेलं नसतं.

मग फोटोंची रांग डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, मोफत आवृत्ती चालते. फोटो आत घेण्याआधी प्रकल्पाचा वेग २५ फ्रेम करून ठेवा, नंतर तो बदलू देत नाही. वेग वाढवायचा मोह आवरा. २५ सेकंद दहावर आणले की आकाशगंगा घड्याळाच्या काट्यासारखी धावते.

हे जमलं की पुढची पायरी ट्रॅकरची. आकाशाबरोबर फिरणाऱ्या या छोट्या यंत्रावर कॅमेरा बसवला की फितीत तारे स्थिर राहतात आणि जमीन कलते. लडाखमधल्या हानले इथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेचे अभियंते दोर्जे आंगचुक यांनी २०२५ च्या सुरुवातीला दिवस-रात्रीची अशी फीत प्रसिद्ध केली, तिच्यात पृथ्वी फिरताना सरळ दिसते. त्यांनी ती साडेचार हजार मीटरवर, कडाक्याच्या थंडीत काढली. आपल्याकडे निदान बोटं तरी हलतात.

एक राहिलं. सहाशे फोटोंना आवाज नसतो. साडेसातनंतर क्लिकचं काम संपलं की फोन खिशातून काढा, कॅमेऱ्यापासून वीस पावलं लांब जा, वाऱ्याकडे पाठ करा आणि तीन मिनिटं नुसता आवाज टिपून ठेवा: रातकिडे, खालून येणारा वारा, मंदिराच्या बाजूला कुणीतरी वाजवलेली घंटा. फीत जोडताना मी गाणं लावत नाही, हाच आवाज लावतो.